सेतुअण्णा पत्ते बघायला जातात

आमच्या गल्लीतल्या सेतुअण्णांनी आयुष्यात कधी पत्त्याचं पान हातात धरलं नाही, पण तंजावुरात कुठे पत्त्यांची बैठक भरायची असली की पहिलं बोलावणं त्यांना जायचं. लग्नघरी मांडवामागे, वकिलांच्या क्लबात, एखाद्या मिरासदाराच्या ओसरीवर, कुठेही चौघांनी चटई टाकली की थोड्या वेळानं सेतुअण्णा येताना दिसत. वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्यावर अंगवस्त्र, आणि डोक्यावर पालथं घातलेलं वेताचं बुटकं स्टूल. येताना ते स्टूल छत्रीचं काम करी आणि आल्यावर बैठकीचं. एखाद्या खेळणाऱ्याच्या मागे, जरा डावीकडे, ते मांडलं की अण्णा हाताची घडी घालून बसत. मग खेळ संपेपर्यंत त्यांच्यात आणि राजवाड्याच्या खांबात फरक एवढाच, की खांबाला पान लागत नाही आणि अण्णांना तासातासाला विडा लागे.

"अण्णा, तुम्ही खेळत का नाही?" असं नवा माणूस विचारायचाच.

"खेळणारा आपलींच पानें बघत बसतो," अण्णा म्हणत. "बघण्यांत अस्की मजा."

अस्की म्हणजे सगळी. आमचे पूर्वज राजांबरोबर कावेरीकाठी आले, आणि येताना जी मराठी आणली तीच आम्ही थोडं तमिळ लावून वापरत राहिलो. पुढे मी नोकरीला पुण्यात आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून लोक आधी हसत आणि मग "पुन्हा एकदा बोला" म्हणत. तेव्हा अण्णांचं बोलणं मी आठवतं तसं, त्यांच्याच शब्दांत देतो. ते दुरुस्त करण्याचा हक्क मला नाही.

अण्णा तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. तिथेही ते कमीच बोलत. बोलले तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "पान पडूं दे, मग बोलूं." निवडणुकीत कोण येणार, कालव्याला पाणी कधी सुटणार, अमक्याच्या मुलीचं लग्न जमणार का, सगळ्याला हेच उत्तर. एकदा नवे तहसीलदार आले. त्यांनी कडक आवाजात विचारलं, "मिस्टर राव, ही फाईल आज पुरी होईल का?" अण्णांनी तमिळमध्ये, अदबीनं, तेच वाक्य म्हटलं. तहसीलदार दिवसभर कचेरीत कुठलं पान पडणार आहे याची वाट पाहत होते.

बघण्याची विद्या अण्णांना सहज आलेली नव्हती. सुरुवातीला त्यांची एक भुवई त्यांचं ऐकत नसे. समोरच्याच्या हाती एक्का दिसला की ती आपोआप वर जाई. वकिलांच्या क्लबात हे सगळ्यांना माहीत झालं. पत्ते खेळणारे आपल्या हातातली पानं सोडून अण्णांच्या भुवईकडे बघायला लागले. एका फौजदारी वकिलाचा बदामाचा एक्का त्या भुवईपायी फुकट गेला, आणि त्यानं अण्णांना क्लबातून रीतसर बाहेर काढलं. मग अण्णा घरी आरशासमोर बसायला लागले. त्यांची बायको, सक्कूवैनी, मागून एकेक पान दाखवायच्या आणि अण्णा तोंड दगडासारखं ठेवायचे. महिनाभरात भुवई वठणीवर आली, क्लबाचं दारही पुन्हा उघडलं, पण चेहरा तसाच राहिला. वैनी आमच्या आईला सांगत, "काल सांबारांत मीठ घालायचें विसरलें. ह्यांनी अस्कें खाल्लें. मीं म्हटलें, अहो, घरांत तरी भुवई हलवा."

वैनी हसून सांगत, पण त्यांना पत्ते मुळीच आवडत नसत असा आमचा समज होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. अण्णा बैठकीला गेले की त्या आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसत आणि आईबरोबर वाती वळत.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि मद्रासला एका मुलाखतीला जायचं होतं. त्याच सुमारास अण्णांनी, जे कधी कुंभकोणमच्या पुढे गेले नव्हते, मद्रासला सहकुटुंब जायचं जाहीर केलं. गल्लीला आश्चर्य वाटलं. मला दुसऱ्याच दिवशी कारण कळलं. अण्णांनी मला कालव्याच्या पुलावर गाठलं, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मद्रासेस मोठी ब्रिजची स्पर्धा आहे. चहूंकडचे भिडू येणार. दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बेंगळूर. तुझ्या वैनीस मात्र मीं क्षेत्रांस जातों म्हणून सांगितलें आहे."

"मग देवळं?"

"देवळें आहेतच. देवळें पहाटेस उघडतात. पत्ते त्यानंतर."

अण्णांनी ती सुट्टी जशी आखली तशी कुणी लढाईसुद्धा आखत नसेल. मैलापूरचं देऊळ, तिरुवल्लिक्केणीचं देऊळ, समुद्र, म्युझियम, प्राणिसंग्रहालय, सगळ्यांना त्यांनी स्पर्धेच्या फेऱ्यांमधल्या फटींत बसवलं. ज्या दिवशी खेळ दुपारी होता त्या दिवशी सकाळी दोन देवळं. ज्या दिवशी दिवसभर होता, त्या दिवशी वैनींनी माझ्याबरोबर प्राणी बघायचे. उतरायची सोय त्यांनी वैनींच्या एका दूरच्या बहिणीकडे केली होती. ती बहीण वैनींना फारशी आवडत नसे, पण तिचं घर क्लबाच्या मागच्या रस्त्यावर होतं.

गाडीत वैनींनी कूजातलं, म्हणजे तांब्यातलं, पाणी सगळ्यांना दिलं, इडलीची पुडी सोडली आणि मग शांतपणे विचारलं, "हें स्टूल कशास आणलें?"

"दर्शनास गर्दी असते. उभें राहून तुझे पाय दुखतात."

"मग तें माझ्यासाठीं आहे."

"होय."

"आणि मी प्राणी बघत असतां तुम्ही कोठें असणार?"

"एका सभेंत. देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा आहे."

"कोठें?"

अण्णांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी खिडकीबाहेरच्या भाताच्या खाचरांकडे पाहिलं. "क्लबांत," ते म्हणाले.

"देवळाची सभा क्लबांत."

"मोठीं माणसें अस्की तेथेंच भेटतात."

वैनींनी मान डोलावली आणि अण्णांच्या पानावर आणखी चटणीपूड वाढली. मला वाटलं, बाई भोळी आहे.

पहिल्या दिवशी अण्णांनी आम्हाला मैलापूरच्या देवळातून इतक्या वेगानं फिरवलं की पुजाऱ्यानं आरतीचं तबक पुढे केलं तेव्हा आम्ही बाहेर पोचलो होतो. नंतर समुद्रावर नेलं. वैनींनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्या पायाला लाट लागेल अशा उभ्या राहिल्या आणि तिथून हलेनात. अण्णा वाळूत चुळबूळ करत होते. शेवटी म्हणाले, "पाहिलास ना? आतां तो असाच असतो. पुढें कांही बदलत नाही."

माझी मुलाखत त्याच दिवशी दुपारी झाली. ती कशी झाली हे सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी मी अण्णांना शोधत क्लबात गेलो, तर ते फाटकाशी पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते. बघायला परवानगी होती, पण स्टूल आत न्यायला नव्हती. अण्णांचं म्हणणं, स्टुलाशिवाय आपल्याला बघता येत नाही. पहारेकऱ्याचं म्हणणं, आत खुर्च्या आहेत. अण्णा म्हणाले, "खुर्चीवरून बघतों तो पाहुणा." शेवटी मी ते स्टूल माझ्या डोक्यावर घेऊन वैनींच्या बहिणीच्या घरी परत आणलं आणि अण्णा आत उभं राहून बघायला मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी मी वैनींना प्राणी दाखवायला नेलं. मद्रासमध्ये तेव्हा लोक प्राणिसंग्रहालयाला जिवंत कॉलेज म्हणत आणि म्युझियमला मेलेलं कॉलेज. वैनींनी जिवंत कॉलेजात वाघ पाहिला, माकडं पाहिली, आणि डोळे उघडे ठेवून पडलेल्या एका सुसरीपुढे बराच वेळ थांबल्या. "ह्यांच्यासारखीच बघते," म्हणाल्या. मग पदर खोचून वळल्या. "चल, आतां सभा बघूं."

मी चाचरत म्हणालो, "वैनी, तिथे बायकांना सोडत असतील की नाही..."

"तेथें खेळावयास बायका आल्या आहेत. काल बहिणीच्या घरच्या गच्चीवरून मीं पाहिल्या."

आधी आम्ही घरी गेलो. वैनींनी तिथून जेवणाचा डबा घेतला, आणि आम्ही क्लबात आलो.

मोठा दिवाणखाना होता. छताला पंखे फिरत होते, हिरव्या कापडाची टेबलं मांडलेली होती, आणि एवढी माणसं असूनही पान टाकल्याचा आवाज ऐकू येईल इतकं शांत. अण्णा एका टेबलाशी उभे होते. मला एक गोष्ट खटकली. तंजावुरात अण्णांचा नेम असा, की एका खेळणाऱ्याच्या मागे एकच डाव, मग स्टूल उचलून दुसऱ्याच्या मागे. चारी बाजूंनी बघितल्याशिवाय खेळ कळत नाही, असं ते म्हणत. इथे ते हलत नव्हते. बेंगळूरच्या संघातला एक जाडसर, चष्मेवाला, कोट-टाय घातलेला माणूस होता, त्याच्या बरोबर मागे उभे होते. एक डाव झाला, दुसरा झाला, शेजारच्या टेबलावर कसलीशी मोठी बाजी रंगली म्हणून सगळे बघे तिकडे धावले. अण्णांनी मानसुद्धा वळवली नाही. आणि ते पानांकडेही बघत नव्हते. त्या माणसाच्या मानेकडे बघत होते, जिथे केस पांढरे झाले होते.

"कोण आहे तो?" मी कुजबुजलो. टेबलावरच्या पाटीवर नुसतं व्ही. राव असं लिहिलं होतं. पण मद्रास इलाख्यात रावांना काय तोटा.

वैनींनी मला हाताला धरून दाराबाहेर व्हरांड्यात नेलं.

"वासु," त्या म्हणाल्या. "ह्यांचा धाकटा भाऊ."

सेतुअण्णांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. गल्लीत कुणी त्याचं नावही घेत नसे.

वैनींनी सांगितलं ते थोडक्यात असं. वडील लवकर गेले, आणि अण्णांनी वासुला वाढवलं. खांद्यावर बसवून तिरुवैयारुला गाणं ऐकायला न्यायचे, स्वतःचं शिक्षण सोडून त्याला इंजिनियर केलं. वासुनं बाहेरगावीच एका ख्रिस्ती डॉक्टरणीशी लग्न केलं आणि बायकोला घेऊन घरी पाया पडायला आला. सासूबाईंनी आतून दाराला कडी घातली. अण्णा दाराच्या आतल्या बाजूला उभे होते. कडी त्यांच्या हाताशी होती. आईच्या धाकानं त्यांनी ती काढली नाही.

"तो बाहेरून म्हणाला," वैनी म्हणाल्या, "अण्णा, तूं आंत उभा आहेस हें मज ठाऊक आहे. पुन्हां तुझें तोंड पाहणार नाही. आणि गेला. सासूबाई गेल्या तेव्हांही ह्यांनी त्यास बोलावलें नाही. म्हणत, त्यानें तोंड पाहणार नाही म्हटलें आहे, मीं कसें दाखवूं?"

"मग हे पत्ते?"

"पूर्वी ह्यांस इस्पिक काय नि किलवर काय, कांही ठाऊक नव्हतें. एके दिवशीं इंग्रजी पेपरांत वासुचें नांव आलें. ब्रिजच्या स्पर्धेंत जिंकला म्हणून. ह्यांनी तें चारदां वाचलें. आणि त्या संध्याकाळीं वकिलांच्या क्लबांत जाऊन मागें उभे राहिले. तो काय करतो तें तरी आपणांस कळावें म्हणून."

मी आत पाहिलं. अण्णा त्याच जागी होते. खुर्चीच्या बरोबर मागे, म्हणजे समोरून तोंड दिसणार नाही अशा जागी.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"पेपर घरांत येतो," वैनी म्हणाल्या. "मज इंग्रजी येत नाही, पण नांव वाचतां येतें. पण ह्यांनी मज सांगावें तरी, असें वाटत होतें."

जेवणाची सुट्टी झाली. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, इंग्रजी आणि तमिळ बोलणं एकदम सुरू झालं आणि बाहेर ओसरत गेलं. व्ही. राव बसूनच राहिले. त्यांनी पानं टेबलावर उपडी ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मागे वळले नाहीत. आम्ही दारात उभे होतो. मग ते आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, जणू मधला काळ गेलाच नव्हता, "अण्णा, शेवटच्या डावांत मी चुकलों काय रे?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. घरी कधी न हलणारा तो चेहरा अगदी बावरलेला होता. वैनींनी नुसती मान हलवली, बोला म्हणून.

"चुकलास," अण्णा म्हणाले. "बदामची राणी आधीं काढावयाची होती."

"मजही तसेंच वाटलें," वासुराव म्हणाले. "कालपासून तूं मागें आहेस. काल मी दोन डाव तुझ्यापायींच घालवले. विडा अजून तोच खातोस. वास येतो."

आणि ते वळले. ते वळताहेत असं दिसताच अण्णांनी झटकन खांद्यावरचं अंगवस्त्र ओढून तोंडावर धरलं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पन्नाशीला आलेला एक हेडक्लार्क, मद्रासच्या क्लबात, भर दुपारी, तोंडावर फडकं धरून उभा. एक नोकर कपबशा गोळा करत होता, तो थबकला. वासुराव खुर्चीवरून उठले. ते अण्णांहून बरेच उंच होते.

"अण्णा," ते म्हणाले, "तें काढ."

अण्णांनी फडकं आणखी घट्ट धरलं.

"तें रागांत म्हटलें होतें. तूं तें धरून बसशील हें मज काय ठाऊक?"

"तूं म्हटलें होतेंस," अण्णा आतून म्हणाले.

मग वैनी पुढे झाल्या. "डब्यांत दहीभात आहे," त्या म्हणाल्या, "नार्तंगायचें लोणचें आहे. ह्यांस तोंड झांकून जेवतां येत असेल तर जेवूं दे. वासु, तूं चल."

वासुराव वाकून वैनींच्या पाया पडले. उठेपर्यंत अण्णांचा हात खाली आला होता. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. अण्णांची ती जुनी भुवई वर गेली होती आणि ती खाली यायचं नाव घेत नव्हती.

आम्ही व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसलो. वासुरावांना उकडत होतं. त्यांनी कोट काढला, टाय सैल केला, आणि वैनींनी हातावर घातलेला भाताचा गोळा लहान मुलासारखा खाल्ला. वासुरावांनी आईविषयी विचारलं. अण्णांनी सांगितलं, शेवटीं त्रास झाला नाही. मग म्हणाले, "तुझें नांव घेतलें होतें. एकदां." ते खरं होतं का खोटं, वैनींच्या तोंडावरून मला कळलं नाही. वासुरावांनीही पुढे विचारलं नाही.

"मुलें?" अण्णांनी विचारलं.

"दोघी मुली. मराठी कळतें. बोलत नाहींत."

"कळतें ना," अण्णा म्हणाले. "पुरे."

"त्यांची आई मला म्हणते, तुझ्या भावाला भेट. दरवर्षी म्हणते."

अण्णांनी मान खाली घातली. "ती दारांतून परत गेली," ते म्हणाले. "तिला काय सांगूं?"

"पोंगलला आम्ही येतों. तेव्हां सांग."

आत घंटा झाली. शेवटची फेरी सुरू होत होती. वासुराव उठले, हात धुतले, आणि कोट अण्णांकडे दिला. "हा धर. आंत फार उकडतें." आणि ते तसेच, शर्टावर, आत गेले.

माणसं लगबगीनं आत शिरत होती. दिल्ली आणि बेंगळूर यांच्यात निकाल लागायचा होता. ज्या फेरीसाठी मैलापूरच्या देवाला घाईत नमस्कार केला, समुद्राला लवकर आटपायला सांगितलं, ती हीच.

"अण्णा, चला," मी म्हणालो. "सुरू झालं."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी कोट मांडीवर घेतला होता. बाह्या नीट आत वळवल्या होत्या, कॉलरपाशी एक सुरकुती होती ती ते बोटानं दाबून सपाट करत होते.

"तूं जा," ते म्हणाले. "मज येथें काम आहे."

"कसलं काम?"

"कोट आहे ना."

मी वैनींकडे पाहिलं. त्यांनी मला हातानं जा म्हणून खुणावलं, आणि डब्याचं झाकण लावून त्या बाकावर अण्णांच्या शेजारी सरकून बसल्या. मी एकटाच आत गेलो. बेंगळूरवाले जिंकले. टाळ्या थांबायच्या आत मी धावत बाहेर येऊन सांगितलं. अण्णा तसेच बसले होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "वैनीचा डोळा लागला आहे."